मोरीच्या खिडकीतला कप

घोटाळा आडनावानं केला. तांबे. हे आडनाव चित्पावनांत आहे आणि बौद्धांतही आहे. नौपाड्यातल्या विनिताताई पेठ्यांच्या डोक्यात मात्र त्यातलं एकच होतं.

"कुठले तांबे तुम्ही?" पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं.

"खेडकडचे," दर्शना म्हणाली.

"अगं बाई, म्हणजे कोकणातलेच की! आमच्या थोरल्या जाऊबाईंचं माहेर तांब्यांचं. देवरुखचे ते. बघ, निघालं ना नातं!"

दर्शनानं ते खोडलं नाही. ती खोटं बोलली नव्हती. समोरच्यानं आपल्या सोयीचं ऐकलं तर त्याला ती काय करणार? उभा जन्म सरकारी कचेरीत काढलेल्या बाईला 'कुठले' या प्रश्नाच्या पोटात काय असतं ते कोणी शिकवायला लागत नाही. त्या प्रश्नाला गाव नको असतं. त्याला आळी हवी असते.

पण त्या दिवशी तिला भांडायचं नव्हतं. तिला टेबलं हवी होती. विनिताताईंचं जुन्या वस्तूंच्या हौशी लोकांचं मंडळ होतं, ते दरवर्षी नौपाड्यात प्रदर्शन भरवायचं. कधी अडकित्ते, कधी दौती, कधी दिवे. यंदा ठरलं होतं, युरोपातली चिनी माती. आता माती जर्मनीची असो, फ्रान्सची असो, मराठीत ती चिनीच. एकदा चिकटलं की सुटत नाही, माणसाचं काय आणि मातीचं काय.

मंडळाकडे हौस दांडगी होती, माल मात्र थोडा. विनिताताईंचा एक गुलाबांचा बव्हेरियन टी-सेट, एक मेंढपाळणीची बाहुली, प्रीतम नावाच्या दातांच्या डॉक्टरकडे चार-दोन बशा. तेवढ्यावर तर एक टेबलसुद्धा भरलं नसतं. मग कोणीतरी सांगितलं, कल्याणला खडकपाड्यात एक बाई आहेत, त्यांच्या घरात शिरलं की हात खिशात घालून चालावं लागतं, इतकी क्रॉकरी.

ते खरंच होतं. दर्शनाच्या दोन खोल्यांत माणसं जेमतेम मावायची, पण कपाटांत झेक बोहेमिया होतं, फ्रान्सचं लिमोज होतं, डेन्मार्कचं निळं-पांढरं होतं. उल्हासनगरच्या भंगारवाल्यांकडून, मोडलेल्या पारशी घरांच्या लिलावांतून, एकदा तर बोहारणीकडून तिनं हे जमवलं होतं. बोहारणीला दोन जरीच्या साड्या देऊन तिच्या टोपलीतली साखरदाणी उचलली होती. बोहारीण हसली होती: "येडी बाई! लोक साडी देऊन पातेलं घेतात, ही झाकण नसलेलं खापर घेते."

खापर. दर्शनाची आई रखमाबाई हाच शब्द वापरायची. "पोरीनं शिकून काय केलं? खापरं गोळा केली."

विनिताताईंनी त्या दिवशी गुलाबांच्या बव्हेरियन कपातून चहा दिला. "आपल्या माणसाला कशाला साधा कप?" म्हणाल्या. दर्शनानं कप घेतला, सवयीनं बशी उलटी करून खालची कारखान्याची खूण बघितली, आणि विनिताताई खूश झाल्या. "अगं दर्शना, तू तर पक्की दर्दी आहेस!" पहिल्या चहातच तुम्हीची तू झाली.

पुढच्या बैठकीत याद्या चालल्या होत्या. कुठल्या टेबलावर काय. तेवढ्यात दर्शनाचा फोन वाजला. धाकटा भाऊ राजरत्न. तिनं उचलला आणि रोज म्हणते तसं म्हणाली, "जयभीम. बोल राजू."

दोन शब्द. बस.

विनिताताईंची मान वर झाली नाही. पेन मात्र थांबलं. प्रीतमनं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा पंख्याकडे. दर्शनानं फोन ठेवला तेव्हा विनिताताई म्हणाल्या, "तर... मॅडम, तुमची तीन टेबलं धरू या ना?"

अगं गेलं. दर्शना गेली. मॅडम आली. मान वाढला म्हणायचा की काय!

आणि त्याच्या पुढच्या बैठकीला चहा कागदी कपात आला. सगळ्यांना नव्हे. प्रीतमच्या पुढ्यात गुलाब होते, विनिताताईंच्या हातात गुलाब होते, आणि दर्शनाच्या समोर तो लिबलिबीत, ओठाला मेण लागणारा, लग्नाच्या हॉलबाहेर ढिगानं पडतो तसला कप.

"कामवाली आली नाही हो आज," विनिताताई म्हणाल्या. "धुण्याचा व्याप नको म्हणून."

आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता.

दर्शनानं त्या कपाला हात लावला नाही. तो तसाच निवला, साय धरली, बूड भिजून टेबलावर गोल डाग पडला. पूर्वीच्या लोकांना निदान कप वेगळा ठेवायची मेहनत होती. तो धुवा, कोनाड्यात पालथा घाला, पोराबाळांचा हात लागू देऊ नका. आता बाजारात पन्नासाचं पुडकं मिळतं. वापरा आणि फेका. वर लोक म्हणतात, जग बदललं.

ती तेव्हाच उठून का नाही गेली? राजरत्ननं हेच विचारलं. "ताई, लाथ मार ना! तुला काय पडलंय त्यांचं?"

"मला आईचा कप ठेवायचाय तिथे," ती म्हणाली.

सगळ्या संग्रहाची सुरुवात त्या कपापासून झाली होती. रखमाबाई तरुणपणी नौपाड्यातल्या एका घरी धुणंभांडी करायची. ते घर आता नाही, टॉवर झाला. त्या घरातल्या यजमानांनी विलायतेहून एक टी-सेट आणला होता, इंग्लिश बोनचायनाचा, निळ्या बारीक फुलांचा. एका कपाचा कान तुटला. कान तुटला म्हणून तो सेटमधून निघाला आणि रखमाबाईच्या वाट्याला आला. बशी काही मिळाली नाही. बशी धड होती ना! कपाची जागा ठरली मोरीच्या खिडकीत, साबणाच्या वडीशेजारी. रखमाबाईनं तो स्वतः घ्यायचा, स्वतः विसळायचा, परत तिथेच ठेवायचा. चहा वरून ओतला जायचा, हात उंच धरून. कान नसलेला तापलेला कप धरता येत नाही, म्हणून ती पदराची घडी करून त्यात धरायची.

शाळा सुटल्यावर दर्शना तिथे मागच्या जिन्यात बसून राहायची. एकदा तिनं तो कप उन्हाकडे धरला. मागून धरलेल्या बोटांची सावली आरपार दिसली. चार बोटं, कपाच्या भिंतीतून. अशी वस्तू तिनं कधी बघितली नव्हती. तिनं तो उलटा केला. खाली हिरवी खूण होती, मुकुटाची. आईला म्हणाली, "आई, तुझ्या कपाला राजाचा शिक्का हाय."

"असंल," रखमाबाई म्हणाली. "म्हणून तर मोरीत ठेवलाय."

काम सोडलं तेव्हा रखमाबाईनं तो कप ओच्यात घालून आणला. चोरी? कसली चोरी! "माझं उष्टं भांडं ते थोडंच कपाटात ठेवणार व्हते? फेकलाच असता." पुढे दर्शनाला नोकरी लागली, ग्रंथालयात जाड पुस्तकं मिळाली, खुणा वाचता यायला लागल्या. एकेक करत तिनं त्या कपाला सोबत आणली. जर्मनीची, झेकची, फ्रेंच. कपाटाच्या मधल्या फळीवर मधोमध मात्र तोच. कान तुटलेला.

तो मांडलेला आईनं बघावा, पांढऱ्या कापडावर, नौपाड्यात, लोक वाकून बघताना. एवढंच तिला हवं होतं. बाकीचे सगळे कप त्याच्यासाठी वऱ्हाडी म्हणून चालले होते.

रखमाबाई मात्र ऐकेना. "नौपाड्यात? मी न्हाय येणार गो."

"का?"

म्हातारीनं सुपारी गालात फिरवली. "जिना पुढचा की मागचा?"

"पुढचा, आई. दारात रांगोळी असणार."

"मग बघू," रखमाबाई म्हणाली. बघू म्हणजे हो. तिनं दुसऱ्याच दिवशी पेटीतली अंजिरी नऊवारी उन्हात टाकली.

प्रत्येक वस्तूपुढे मंडळाचं कार्ड होतं. देश, काळ, खूण, अवस्था. दर्शनानं आईच्या कपाचं कार्ड स्वतःच्या हातानं लिहिलं:

देश: इंग्लंड. प्रकार: बोनचायना. खूण: हिरवा मुकुट. अवस्था: कान तुटलेला, बशी नाही. वापर: रखमाबाई तांबे, घरकामगार. जागा: नौपाड्यातल्या एका घराच्या मोरीची खिडकी. कारण: जात.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी तिनं हॉलमध्ये तिन्ही टेबलं लावली, मधल्या टेबलावर मधोमध कप ठेवला, कार्ड उभं केलं आणि कल्याणला गेली.

सकाळी ती हॉलमध्ये शिरली तेव्हा समया लावणं चाललं होतं. तिची टेबलं झगमगत होती. मधल्या टेबलावर मधोमध विनिताताईंची मेंढपाळीण बसली होती, कुशीत कोकरू घेऊन.

कप नव्हता.

"प्रीतम, इथला कप?"

डॉक्टर हातातल्या पुष्पगुच्छाशी चाळा करायला लागले. "मला काही कल्पना नाही मॅडम. ताईंना विचारा."

ताई दारात रांगोळीवर लक्ष ठेवून होत्या. "तो होय? ठेवलाय आत, नीट. तुटका होता ना, कोणाच्या हाताला लागायचा."

आत म्हणजे कुठे? दर्शनानं कपाट बघितलं, स्टेजमागची खोली बघितली, खुर्च्यांच्या थप्पीमागे बघितलं. कुठेच नाही. मग ती सरळ हात धुवायच्या जागेकडे गेली. बेसिनच्या वरच्या खिडकीत, फिनेलच्या बाटलीशेजारी, कप होता. त्यात कोणीतरी साबणाची वडी ठेवली होती. कार्ड दुमडून खाली घातलं होतं, कप डगमगू नये म्हणून.

तीच खिडकी. घर पाडलं, टॉवर उठला, पिढी गेली. कपाला मात्र पुन्हा मोरीची खिडकीच सापडली. कोणी ठरवूनसुद्धा केलं नसेल. हात आपसूक गेला असेल तिकडे. हे तर त्याहून वाईट!

तिनं साबण काढला, कप धुतला, पदरानं पुसला आणि बाहेर आली. सरळ रांगोळीपाशी गेली.

"विनिताताई, ही तुमची नीट जागा?"

"अहो, सफाईवाल्यानं ठेवला असेल. मी फक्त उचलायला सांगितलं."

"का?"

"हे बघा, प्रदर्शनाला एक दर्जा असतो. तुटक्या वस्तू—"

"तुमच्या मेंढपाळणीचा अंगठा तुटलाय. डिंक लावून बसवलाय, इथून दिसतोय."

रांगोळी काढणारी पोरगी खुदकन हसली आणि तोंडावर हात धरला. विनिताताई लाल झाल्या.

"बरं, स्पष्टच बोलते. त्या कार्डावर तुम्ही जे लिहिलंय ना, ते बरोबर नाही. लोक हौसेनं येतात, चार घटका सुंदर काही बघायला येतात. त्यात हे कशाला? आणि आम्ही नाही हो मानत जातबीत. आमच्या घरी सगळे येतात-जातात."

"येतात. कागदी कपातून पितात आणि जातात."

"अहो, त्या दिवशी कामवाली—"

"कामवाली आत भांडी घासत होती, ताई. मला कान आहेत. तुटला तो कपाचा."

प्रीतम मध्ये पडले. "मॅडम, मुद्दा वाढवू नका ना. पाहुणे येतायत."

"डॉक्टर, तुम्ही गुलाबांतून पीत होतात. तुम्ही बोलूच नका." ती विनिताताईंकडे वळली. कप तिच्या हातात होता, तिनं तो ट्यूबलाइटकडे धरला. मागची बोटं दिसली. "हे आरपार कशानं दिसतं ठाऊक आहे? हाडांनी. गुराढोरांची हाडं जाळून त्यांची राख मातीत मिसळतात, निम्मी निम्मी. नावातच बोन आहे, तरी सोवळ्यातल्या घरांतसुद्धा शोकेसमध्ये बसतं. माझ्या आज्यानं गावातली मेलेली ढोरं ओढली. म्हणून त्याची सावली नको, त्याच्या सुनेच्या हातचा कप नको. आणि तीच हाडं भाजून, सोन्याची किनार लावून विलायतेहून आली की ओठाला लावायची? ढोर चालतं. ढोर ओढणारा तेवढा चालत नाही!"

समईच्या वाती कोणीतरी उगाच पुढे सारल्या.

विनिताताई मंडळ चालवणाऱ्या बाई होत्या. तीन टेबलं रिकामी पडली तर काय होईल याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर झरझर झाला. त्या जवळ आल्या, आवाज मऊ केला. आणि अगं परत आलं.

"अगं दर्शना, ठेव तो कप. मधोमध ठेव. मी बाहुली काढते. आईंचं नावही राहू दे. फक्त ती शेवटची ओळ तेवढी... 'कारण' कशाला? कोणाला कळायचंय ते कळतंच की. एक ओळ गं. आईच येणार आहेत ना तुझ्या? त्यांना तरी बरं वाटेल का ते वाचून?"

खरं सांगायचं तर दर्शना थांबली. कप शोधत असतानाच फोन येऊन गेला होता, राजरत्न म्हणाला होता, "माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलोय, पण पोचतो. आई पुढच्या सीटवर बसलीय, साडी नेसून, बघ तू." म्हातारी पहिल्यांदा पुढच्या दारानं येणार होती. एक ओळ. कापडावर कप असेल, नाव असेल, लोक वाकून बघतील. एका ओळीसाठी आईचा दिवस नासवायचा?

पण मग त्या कार्डावर उरलं काय असतं? कान तुटलेला, बशी नाही, मोरीची खिडकी. लोक म्हणाले असते, अरेरे, गरिबी. गरिबी कधीच नव्हती ती! कप महागाचाच होता.

"नाही," ती म्हणाली. "ओळ राहील. बाकीचं सगळं जाईल."

तिनं टेबलाखालची खोकी ओढली, जुन्या सुती साड्या काढल्या आणि लिमोजपासून सुरुवात केली. एकेक कप, एकेक बशी, साडीच्या घडीत, दुसऱ्या घडीत, खोक्यात. "अहो, काय करताय, पाहुणे दारात आहेत!" प्रीतम नाचत होते. "मंडळाची अब्रू—" विनिताताई म्हणाल्या. दर्शनानं मान वर केली नाही. डेन्मार्क गेलं. बोहेमिया गेलं. बोहारणीची साखरदाणी गेली. मेंढपाळीण उचलून तिनं विनिताताईंच्या हातात दिली, अंगठा सांभाळून.

तीन लांब टेबलं पांढरीफटक उरली. मधल्यावर मधोमध एक कप, आणि दुमड पडलेलं कार्ड, त्याला टेकवून.

उद्घाटनाचे पाहुणे आले, नारळ फुटला. लोक आत आले आणि नेमके त्या टेबलापाशीच थांबले. भरलेल्या टेबलापुढून माणूस सरकत जातो, रिकाम्यापुढे थांबतो. वाकायचे, वाचायचे, सरळ व्हायचे. काही लगेच पुढे जायचे, घाईनं. एक म्हातारे गृहस्थ पुन्हा वाकले, पुन्हा वाचलं, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

मग रांगोळीच्या कडेकडेनं, पदर सावरत, राजरत्नच्या दंडाला धरून रखमाबाई आली. पुढच्या दारानं. तिनं हॉल बघितला, समया बघितल्या, तीन उघडी टेबलं बघितली.

"काय गो, बाकीची खापरं कुठं गेली?"

"खोक्यात."

"भांडलीस?"

"हो."

"बरं." म्हातारी टेबलाशी आली. प्रौढशिक्षणात शिकलेल्या अक्षरांवरून तिनं बोट फिरवलं. सगळं कार्ड वाचायला तिला वेळ लागला, लोक मागे उभे राहिले. "मो-री-ची खि-डकी. का-रण. जात." तिनं बोट उचललं.

"एवढंच?" रखमाबाई म्हणाली. "मला वाटलं तू कायतरी नवं लिवलंस. हे तर समद्यांनाच म्हाइत व्हतं."

"माहीत होतं, आई. लिहिलेलं नव्हतं."

"हां. ते खरं."

पाहुण्यांचा चहा फिरत होता. आज सगळ्यांनाच कागदी कप होते. ट्रे घेऊन स्वतः विनिताताई आल्या. काय वाटलं त्यांना, त्यांनाच ठाऊक. रखमाबाईपुढे ट्रे धरून म्हणाल्या, "घ्या ना आजी, चहा."

रखमाबाईनं ट्रेकडे बघितलं, बाईकडे बघितलं. मग हात लांब करून टेबलावरचा कप उचलला. प्रदर्शनातल्या वस्तूला हात लावायचा नाही अशी पाटी होती, ती तिच्या कोपराखाली आडवी झाली.

"कागदी नको, बाई. माझा वेगळा हाय. यात घाला." आणि थोडं थांबून, "वरनं नको. टेकवून घाला."

विनिताताईंनी ट्रे टेबलावर ठेवला. एक कागदी कप उचलला. कपाची कड कपाच्या कडेला टेकली, आणि कागदातला चहा हाडांच्या त्या कपात उतरला. कप भरला, तापला. रखमाबाईनं सवयीनं पदराची घडी केली आणि त्यात तो धरला.

"दर्शे," ती म्हणाली, "एवढी खापरं जमवलीस, एक बशी न्हाय व्हय माझ्यासाठी?"

दर्शना खाली बसली आणि खोक्यातल्या साड्या उलगडायला लागली.